सुलतानच म्हणतो, सुलतानी आली

व्यापार आणि कायदा : वाचकाच्या पत्राला उत्तर

पत्र (थोडे आटोपते करून) :

माननीय वकीलसाहेब, सप्रेम नमस्कार. जळगावच्या एमआयडीसीत आमची डाळमिल आहे. पूर्व आफ्रिकेतील एका देशाच्या सरकारी मालकीच्या व्यापार कंपनीकडून ६०० टन तूर घेण्याचा करार आम्ही जूनमध्ये केला. दर टनाला ६४० डॉलर, न्हावा-शेव्यापर्यंतचे जहाजभाडे आणि विमा त्यांच्याकडे, आणि जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर या तीन महिन्यांत प्रत्येकी २०० टन माल चढवायचा, असे ठरले. २० टक्के रक्कम आम्ही आगाऊ दिली. जुलैचा माल वेळेवर आला, चांगला निघाला. ऑगस्टचा माल चढलाच नाही. २८ ऑगस्टला तिथल्या सरकारने तुरीच्या निर्यातबंदीचा आदेश काढला. तो १० सप्टेंबरपासून लागू होणार होता. पण कंपनीने ३० ऑगस्टलाच ‘फोर्स मेजर’ (आमच्या आवाक्याबाहेरचे संकट) असे कळवून उरलेल्या ४०० टनांचा सौदा रद्द केला. बाजार आता ८६० डॉलरवर आहे. शेजारच्या देशातून तूर घेऊन तिथल्या बंदरातून पाठवा, असे आम्ही सुचवले, तेही त्यांनी नाकारले. दलाल सांगतो की ५ सप्टेंबरला याच कंपनीचे बारा कंटेनर दुसऱ्या खरेदीदारासाठी चढले. आमचे ५१,२०० डॉलर त्यांच्याकडे अडकले आहेत. ते चार हप्त्यांत परत देतो, पण सोबतच्या कागदावर सही करा, असे ते म्हणतात. करारात लंडनच्या ‘गाफ्टा’ या धान्यव्यापार संस्थेच्या नियमांप्रमाणे लवाद आणि इंग्लंडचा कायदा आहे. बंदी घालणारा आणि कंपनीचा मालक एकच असताना ही सबब चालते का?
— एक डाळमिल मालक, जळगाव

उत्तर :

सप्रेम नमस्कार. पत्रासोबत पाठवलेल्या छायाप्रती मी दोनदा वाचल्या. ३० ऑगस्टच्या पत्राच्या शिरोभागी डावीकडे कंपनीचे बोधचिन्ह आहे, उजवीकडे त्या देशाचे राष्ट्रचिन्ह आहे, आणि खाली अध्यक्ष म्हणून ज्यांची सही आहे तेच गृहस्थ तिथल्या कृषी खात्याचे सचिव असल्याचे तुम्ही समासात पेन्सिलीने लिहिले आहे. तुमचा संताप मला समजतो. दाणाबाजारात एखाद्या पेढीच्या मुनिमाने ‘शेठ गोदामाला कुलूप लावून गेले, चावी माझ्याकडे नाही, मी काय करू?’ असे सांगितले, तर ते कोणी ऐकून घेणार नाही. कारण कुलूप शेठचे, गोदाम शेठचे आणि सौदाही शेठचाच. सरकारी कंपनीच्या बाबतीत मात्र कायदा, विशेषतः इंग्लंडचा कायदा, हे म्हणणे बऱ्याचदा ऐकून घेतो. तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर म्हणूनच तुम्हाला आवडणार नाही. तरीही तुमची बाजू दुबळी नाही. तिचे बळ फक्त तुम्ही समजता त्या ठिकाणी नाही.

आपल्याकडे संकटे अस्मानी आणि सुलतानी अशी दोन मानतात. रावेर-यावल पट्ट्यात मे-जूनच्या वादळात उभी केळीची बाग एका रात्रीत आडवी होते, ती अस्मानी. आणि माल तयार असताना सरकारी हुकमाने तो बंदराबाहेर जाऊ शकत नाही, ती सुलतानी. फोर्स मेजर हा शब्द फ्रेंच कायद्यातून आलेला असून तो ही दोन्ही संकटे एकाच गोणीत भरतो. इंग्लंडच्या कायद्यात मात्र फोर्स मेजर नावाचे स्वतंत्र तत्त्व नाही. करारात कलम असेल तर त्या कलमाचे शब्द जेवढी सवलत देतात तेवढीच मिळते, आणि ती मागणाऱ्यानेच आपले प्रकरण त्या शब्दांत बसते हे सिद्ध करायचे असते. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात, पाळणे अशक्य झालेला करार सुटतो असे सांगणारे कलम ३२ आणि कलम ५६ आहे, त्यामुळे आपल्या व्यापाऱ्यांना वाटते की संकट आले की कायदा आपोआप मदतीला धावेल. तुमच्या करारावर ही कलमे लागू नाहीत. तुमच्या करारात गाफ्टाच्या नमुन्यातील ‘निर्यातबंदी’चे कलम आहे : मालाच्या मूळ देशाच्या सरकारने निर्यात रोखली, तर ती ज्या मर्यादेत रोखली असेल त्या मर्यादेत कराराचा उरलेला भाग रद्द होतो, आणि विक्रेत्याने हे विनाविलंब, कारणासह कळवायचे असते. ‘ज्या मर्यादेत’ हे दोन शब्द लाल शाईने अधोरेखित करून ठेवा.

आता सुलतान आणि कंपनी यांचा प्रश्न. या विषयावर सगळे वकील ज्या खटल्याकडे बोट दाखवतात तो पोलंडच्या साखरेचा आहे. रोलिंपेक्स ही पोलंडची सरकारी परदेशी व्यापार संस्था. तिने १९७४ मध्ये लंडनच्या झार्निको या साखर व्यापाऱ्यांना बीटाची साखर विकण्याचे करार केले. त्या ऑगस्टमध्ये पोलंडमध्ये अतिवृष्टी झाली, बीटाचे पीक बसले, देशातच साखर पुरेना, आणि ५ नोव्हेंबर १९७४ रोजी सरकारने साखरेची निर्यात बंद केली. ती बंदी पुढच्या वर्षीच्या १ जुलैपर्यंत टिकली. रोलिंपेक्सने लगेच फोर्स मेजर कळवले. झार्निकोचे म्हणणे अक्षरशः तुमचेच होते : बंदी घालणारे सरकार, कंपनी सरकारची, मग स्वतःच उभा केलेला अडथळा दाखवून सुटका कशी मागता येईल? साखर व्यापाराच्या लवादाने, नंतर न्यायालयाने, अपील न्यायालयाने आणि शेवटी १९७८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे तिथले सर्वोच्च न्यायालय) हे म्हणणे फेटाळले. रोलिंपेक्सला स्वतःचे कायदेशीर व्यक्तिमत्त्व होते, दैनंदिन व्यवहाराचे निर्णय ती स्वतः घेत होती, नफा-तोट्याच्या हिशेबावर चालत होती. ती सरकारचे खाते नव्हती. बंदी घालण्याच्या निर्णयात तिच्या माणसांचा हात असल्याचा पुरावा नव्हता, आणि सरकारने ती बंदी कंपनीला सौद्यातून सोडवण्यासाठी नव्हे तर घरच्या टंचाईमुळे घातली होती.

या निकालातील दुसरा मुद्दा फारसा कोणी वाचत नाही, पण तुमच्या कामाचा आहे. निर्यात परवाना मिळवणे ही विक्रेत्याची जबाबदारी करारात होती. परवाना मिळालेला होता. बंदीने तो निरुपयोगी केला. परवाना मिळवण्याची हमी म्हणजे तो शेवटपर्यंत टिकवण्याची हमी नव्हे, असे लॉर्ड्सनी ठरवले. तुमच्या करारातील परवान्याचे वाक्य मी पाहिले. तिथे ‘मिळवणे’ एवढेच क्रियापद आहे. ‘मिळवणे आणि चालू ठेवणे’ असे असते, तर हे उत्तर बरेच आखूड झाले असते.

रोलिंपेक्सच्या वीस वर्षे आधी, सुएझच्या युद्धानंतर, सोव्हिएत तेल कंपनीने एका इस्रायली कंपनीला तेल देणे थांबवले, कारण सोव्हिएत मंत्रालयाने परवाना नाकारला. प्रकरण मॉस्कोच्याच व्यापार लवादापुढे गेले. विक्रेता त्या देशाचा, परवाना नाकारणारे त्या देशाचे आणि पंचही त्याच देशाचे. १९५८ मध्ये निवाडा काय लागला, हे सांगायला ज्योतिषाची गरज नाही. तुमचा लवाद लंडनला आहे ही त्यामुळे लहान गोष्ट समजू नका. कराराच्या वेळी तुमच्या दलालाने ते कलम आग्रहाने घातले असेल, तर त्याची दलाली वसूल झाली.

तात्पर्य, ‘मालक एकच आहे’ एवढ्यावर थांबलात तर हराल. मालक आणि कंपनी यांच्यामधली भिंत पाडायची असेल तर बंदीच्या निर्णयात कंपनीचा हात होता, किंवा बंदीचा खरा हेतू कंपनीला महाग पडणाऱ्या सौद्यांतून सोडवणे हा होता, हे दाखवावे लागते. अध्यक्ष आणि सचिव एकच असणे ही त्या दिशेची पहिली पायरी आहे, पुरावा नव्हे. जगातल्या निम्म्या सरकारी कंपन्यांच्या संचालक मंडळावर सचिवच बसतात, आपल्याकडेही बसतात. बंदीची शिफारस करणाऱ्या बैठकीचे इतिवृत्त, शिफारस कोणाच्या सहीने गेली, त्या वर्षी खरोखर पीक कमी होते की नाही, बंदी सगळ्या निर्यातदारांवर होती की यांच्यावर मेहेरबानी ठेवून इतरांवर, हे सगळे लागते. लवादापुढे कागदपत्रे मागण्याचा अर्ज करता येतो. तो करा, पण त्याच्यावर खटला उभा करू नका.

तुमचा खटला तारखांवर उभा आहे, आणि तिथे मी जरा सविस्तर बोलणार आहे.

ऑगस्टचा माल ३१ ऑगस्टपर्यंत चढायला हवा होता. बंदी लागू होणार होती १० सप्टेंबरला. म्हणजे ऑगस्टच्या एकाही दिवशी, एकाही कंटेनरला, त्या आदेशाने अडवलेले नव्हते. आदेश निघाला २८ तारखेला; महिन्याचे पहिले सत्तावीस दिवस तर आदेशाचा पत्ताही नव्हता. ऑगस्टच्या २०० टनांपुरती ही साधी करारभंगाची गोष्ट आहे, आणि त्यासाठी कंपनी सरकारी की खासगी, बंदी खरी की खोटी, यातल्या कशातही शिरावे लागत नाही. ते कदाचित म्हणतील की ऑगस्टच्या मध्यापासून खात्याने तोंडी सूचना देऊन परवाने थांबवले होते. तसे म्हणाले तर त्यांना ती सूचना कागदावर दाखवावी लागेल. आणि त्यांच्या ३० ऑगस्टच्या पत्रात तर कारण म्हणून फक्त २८ च्या आदेशाचा उल्लेख आहे. शिवाय आदेशाची प्रत त्या पत्राला जोडलेली नाही. ती मागणारे पत्र तुम्ही अजून पाठवले नसेल तर या आठवड्यात पाठवा.

सप्टेंबरचा माल वेगळा आहे, आणि इथे रशियन गव्हाचा खटला आठवतो. २०१० च्या उन्हाळ्यात रशियात भीषण दुष्काळ आणि वणवे होते. बंगे कंपनीने निडेरा कंपनीला २५,००० टन रशियन गहू विकला होता. माल २३ ते ३० ऑगस्टच्या दरम्यान चढायचा होता. ५ ऑगस्टला रशियाने १५ ऑगस्टपासून वर्षअखेरपर्यंतची निर्यातबंदी जाहीर केली. बंगेने ९ ऑगस्टलाच सौदा रद्द झाल्याचे कळवले. गाफ्टाच्या अपील मंडळाने सांगितले की ही घाई झाली, बंदी मागे घेतली जाण्याची शक्यता त्या दिवशी शिल्लक होती, म्हणून करारभंग बंगेचा. आणि ३०,६२,५०० डॉलर नुकसानभरपाई दिली. प्रकरण इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१५ मध्ये न्यायालयाने करारभंग मान्य ठेवला, पण भरपाई पाच डॉलरवर आणली. कारण सरळ होते : बंगेने घाई केली नसती तरी बंदी टिकलीच होती, गहू चढलाच नसता, मग खरेदीदाराचे गेले काय?

तुमच्या सप्टेंबरच्या २०० टनांना हा निकाल दोन्ही अंगांनी लागू पडतो. ३० ऑगस्टला सौदा रद्द करणे ही घाईच होती, यात मला शंका वाटत नाही. पण बंदी १० सप्टेंबरला खरोखर लागू झाली आणि टिकली, तर ते म्हणतील की तुमचे नुकसान शून्य. याला तुमचे उत्तर त्या नऊ दिवसांत आहे. १ ते ९ सप्टेंबर निर्यात खुली होती, आणि ५ तारखेला याच कंपनीचे बारा कंटेनर चढले. ते म्हणतील, पूर्ण सप्टेंबर महिना आमचा होता, कोणत्या दिवशी माल चढवायचा हे ठरवण्याचा हक्क विक्रेत्याचा. तो हक्क खरा आहे. पण दार १० तारखेला बंद होणार हे २८ ऑगस्टपासून माहीत असताना उघड्या दारातून तुमच्यासाठी काय प्रयत्न केला, हा प्रश्न लवाद विचारणारच. ‘काहीच नाही, कारण सौदा आधीच रद्द केला होता’ हे त्यांचे उत्तर असेल, तर घाईचा तोटा तुम्हाला नव्हे, त्यांना.

म्हणूनच त्या बारा कंटेनरांचा माग काढणे हे दलालाच्या गप्पांवर सोडू नका. बिल ऑफ लेडिंगच्या (माल जहाजावर चढल्याच्या पावतीच्या) तारखा, जहाजाचे नाव, बंदरातून सुटल्याची नोंद, शक्य असेल तर खरेदीदाराचे नाव. तो सौदा तुमच्या सौद्याच्या आधीचा होता की नंतरचा, त्याचा दर काय होता, आणि आदेशात सरकार-ते-सरकार पुरवठ्याला सूट होती का, हे तिन्ही पाहा. १९७३ च्या जूनमध्ये अमेरिकेने सोयाबीनच्या निर्यातीवर अचानक बंदी आणली, मग काही दिवसांत सोयापेंडीच्या जुन्या करारांपैकी ४० टक्के माल जाऊ दिला. त्यातून लंडनमध्ये खटल्यांची रांगच लागली. त्या खटल्यांतून एवढे पक्के झाले की थोडा माल जाऊ शकत असेल तर विक्रेत्याने तो कोणाला, कोणत्या हिशेबाने वाटला हे सांगावे लागते. जास्त दर देणाऱ्याला दिला, हा हिशेब लवादापुढे टिकत नाही.

शेजारच्या देशाच्या बंदराबद्दल मात्र तुमची अपेक्षा चुकीची आहे, आणि त्यांच्या नकारातून दुष्ट हेतू काढू नका. करारात मूळ देश आणि चढवण्याचे बंदर लिहिलेले आहे. २०२४ मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने मुर शिपिंगच्या खटल्यात हे फार स्पष्ट केले. तिथे जहाजमालकाने निर्बंधांमुळे डॉलरमध्ये पैसे मिळणे अडेल म्हणून फोर्स मेजर सांगितले. समोरच्याने युरोत पैसे आणि वर बदलाचा खर्चही देऊ केला. न्यायालय म्हणाले, करारात डॉलर आहे. वाजवी प्रयत्न करण्याची अट म्हणजे करारात नसलेली गोष्ट पत्करण्याची सक्ती नव्हे. तुम्ही सुचवलेला पर्याय व्यवहारी होता, पण तो कराराबाहेरचा होता. लवादापुढच्या अर्जात तो मुद्दा घालून बाकीच्या मजबूत मुद्द्यांना पाणी मिसळू नका.

भरपाईच्या रकमेविषयी. आजचा ८६० चा दर डोक्यातून काढा. भरपाई करार मोडल्याच्या दिवसाच्या बाजारभावाने मोजली जाते. ऑगस्टच्या मालासाठी तो दिवस ऑगस्टअखेर-सप्टेंबरच्या सुरुवातीचा. त्या तीन-चार दिवसांचे तुरीचे दर किमान दोन स्वतंत्र दलालांकडून लेखी घ्या, आणि त्या सुमारास तुम्ही दुसरीकडून तूर घेतली असेल तर त्याची बिले जपा. गिरणी बंद राहिल्याचा तोटा, मजुरांची मजुरी, इथल्या ग्राहकाला द्यावी लागलेली सवलत यांपैकी फारसे काही मिळेल अशी आशा धरू नका. आणि मुदत पाहा : गाफ्टाच्या लवाद नियमांत अशा दाव्यासाठी माल चढवण्याची मुदत संपल्यापासून साधारण एक वर्ष असते. ऑगस्टच्या लॉटचे वर्ष आधी संपते. करारात नियमांची कोणती आवृत्ती आहे ते पाहून तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण वाटाघाटी चालू आहेत म्हणून घड्याळ थांबत नाही.

जाता जाता एक सांगतो : गाफ्टाच्या तोंडी सुनावणीत दोन्ही पक्षांची संमती नसेल तर आम्हा वकिलांना उभे राहता येत नाही. पंच धान्यबाजारातले मुरलेले लोक असतात. कागद तयार करायला वकील घ्या, पण बोलायला तुम्हीच जा. डाळमिल चालवणारा माणूस कंटेनरच्या तारखा ज्या सहजतेने सांगतो, ती कोटातल्या माणसाला साधत नाही.

निवाडा तुमच्या बाजूने लागला असे धरू. पैसे कोण देणार? परदेशी लवादांचे निवाडे मानण्याच्या १९५८ च्या न्यूयॉर्क करारात १७० हून अधिक देश आहेत आणि लंडनचा निवाडा त्यांच्या न्यायालयांत अंमलात आणता येतो. पण सरकारी कंपनीच्या स्वतःच्या देशात जाऊन निवाडा वसूल करणे म्हणजे काय, हे पाहायला आफ्रिकेत जायला नको. आपल्या नाफेडने (शेतमालाची खरेदी-विक्री करणारा राष्ट्रीय सहकारी संघ) १२ जानेवारी १९८० रोजी अलिमेंटा या स्विस कंपनीला ५,००० टन शेंगदाणे विकण्याचा करार केला. १,९०० टन गेले. मग पुरवणी करार करून उरलेले पुढच्या हंगामात देण्याचे कबूल केले, पण मागच्या हंगामाचा माल पुढे नेऊन निर्यात करायला सरकारची परवानगी लागत होती, ती नाफेडने घेतलेली नव्हती, आणि मागितल्यावर सरकारने नाकारली. लंडनच्या लवादाने १९८९ मध्ये ४६,८१,००० डॉलर आणि व्याज द्यायला सांगितले. प्रकरण आपल्या न्यायालयांत फिरत राहिले आणि २२ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निवाडा सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून अंमलात आणायला नकार दिला. चाळीस वर्षांनी. परवानगी लागते हे ठाऊक असताना करार करणाऱ्याला परवानगीच्या अभावाचा फायदा मिळावा, हे मला तेव्हाही पटले नाही, आजही पटत नाही. पण आपल्या न्यायालयाने आपल्या संस्थेला जे दिले ते तिथले न्यायालय तिथल्या संस्थेला देणार नाही, असे मानायला काही कारण नाही.

म्हणून वसुलीसाठी त्या कंपनीची परदेशातली बँक खाती, इतर खरेदीदारांकडची तिची येणी, बाहेरच्या गोदामातला माल शोधा. इथे मात्र रोलिंपेक्सचा निकाल उलटा तुमच्या उपयोगी पडतो. कंपनी जर ‘मी सरकार नाही, स्वतंत्र आहे’ असे सांगून फोर्स मेजर मिळवत असेल, तर वसुलीच्या वेळी ‘मी सरकार आहे, मला सार्वभौम संरक्षण आहे, परक्या न्यायालयात माझ्यावर दावा चालत नाही’ असे तिला म्हणता येणार नाही. दोन्ही डगरींवर पाय ठेवता येत नाही. १९७७ मध्ये नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेने सिमेंटच्या एलसीचे (बँकेने दिलेल्या पतपत्राचे) पैसे अडवून लंडनमध्ये हेच संरक्षण मागितले होते. तेव्हा लागोस बंदरात सिमेंटच्या जहाजांची एवढी दाटी झाली होती की सरकारनेच आयातीवर अडथळे आणले होते. अपील न्यायालयाने बँकेला ते संरक्षण नाकारले. इंग्लंडचा १९७८ चा राज्य संरक्षण कायदाही स्वतंत्र संस्थेला व्यापारी व्यवहारात असे कवच देत नाही. म्हणून लवादापुढच्या त्यांच्या प्रत्येक कागदात ‘स्वतंत्र’ हा शब्द जिथे येईल तिथे खूण करून ठेवा.

पुढच्या करारासाठी एक वाक्य देतो. इंडोनेशियाच्या पर्टामिना या सरकारी कंपनीने भू-औष्णिक विजेचा एक करार केला होता. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने प्रकल्प थांबला. त्या करारात सरकारच्या निर्णयाचा धोका आधीच पर्टामिनाच्या गळ्यात घातलेला होता. म्हणून २००० च्या डिसेंबरमध्ये लवादाने तिला सुमारे २६ कोटी १० लाख डॉलर भरायला लावले. इंडोनेशियाच्या न्यायालयाने निवाडा रद्द केला, तरी अमेरिकेतल्या न्यायालयांनी तो मानला. तिथे कंपनी आणि सरकार एक की दोन, हा वाद घालावाच लागला नाही, कारण कराराने तो आधीच मिटवला होता. तुम्ही असे लिहा : ‘विक्रेत्याच्या देशाच्या सरकारची, त्याच्या कोणत्याही खात्याची किंवा विक्रेत्यावर मालकी अथवा नियंत्रण असलेल्या संस्थेची कृती विक्रेत्याच्या बाबतीत फोर्स मेजर अथवा निर्यातबंदी मानली जाणार नाही.’ सरकारी कंपनी हे सहजासहजी मान्य करणार नाही. नाही केले, तर निदान आगाऊ रकमेला बँक हमी मागा. आणि तीही नाही दिली, तर दर कितीही गोड असला तरी २० टक्के आगाऊ देऊ नका.

आता त्या कागदाबद्दल. ५१,२०० डॉलर ही त्यांनी करायची मेहेरबानी नाही. उद्या त्यांचे फोर्स मेजर सगळ्या बाजूंनी खरे ठरले तरी न दिलेल्या मालाची आगाऊ रक्कम त्यांना परत करावीच लागते. १९४२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने हे ठरवले; तिथे पोलंडच्या फिब्रोसा या कंपनीने जवसाचा धागा विंचरण्याच्या यंत्रांसाठी १,००० पौंड आगाऊ दिले होते, युद्ध सुरू झाले, यंत्रे गेलीच नाहीत, आणि ते पैसे परत मिळाले. त्यांनी पाठवलेल्या कागदाच्या चौथ्या परिच्छेदात, हप्त्यांच्या तारखांच्या खाली बारीक अक्षरांत, ‘या करारातून उद्भवलेले सर्व दावे पूर्ण व अंतिमतः मिटले’ असे वाक्य आहे. त्यावर सही म्हणजे तुमचेच पैसे चार हप्त्यांत परत घेऊन ऑगस्टच्या २०० टनांवर पाणी सोडणे. सही करू नका, आणि रागाने कागद परतही पाठवू नका. एवढेच कळवा : ‘आगाऊ रकमेपैकी आपण जी रक्कम द्याल ती आम्ही, ऑगस्ट व सप्टेंबरच्या मालासंबंधीचे आमचे सर्व हक्क राखून, स्वीकारू, २८ ऑगस्टच्या आदेशाची प्रमाणित प्रत आणि १ ते ९ सप्टेंबर या काळात आपण चढवलेल्या मालाचा तपशील सात दिवसांत पाठवावा.’ हे करारात सूचनेसाठी दिलेल्या ईमेलवर आणि कुरिअरने, दोन्हीकडे पाठवा, आणि कुरिअरची पावती ३० ऑगस्टच्या त्यांच्या पत्राला टाचून ठेवा.